महानगरपालिका आणि नागरिकांच्या सल्लागार समित्या

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



महानगरपालिका म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे दोनच प्रसंग उभे राहतात. एक मतदानाचा, जो पाच वर्षांतून एकदा येतो, आणि कधी कधी तोही वेळेवर येत नाही. दुसरा मालमत्ता कराचे बिल हाती पडण्याचा, जो मात्र कधीच चुकत नाही. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात शहराच्या कारभाराविषयी नागरिकाला काही सांगावयाचे असेल, तर ते कोठे सांगावे, कोणाला सांगावे, आणि सांगितल्यावर पुढे त्याचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

तशी सोयच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रभाग समितीवर संस्थांच्या प्रतिनिधींसाठी जागा आहेत. वृक्ष प्राधिकरण आहे, वारसा संवर्धन समिती आहे, पथविक्रेता समिती आहे. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवावीत अशी पद्धत काही शहरांनी सुरू केली. समित्यांचा तुटवडा महाराष्ट्रात कधीच नव्हता. प्रश्न निराळा आहे. समितीने दिलेला सल्ला महापालिकेच्या दारातून आत गेल्यावर त्याची पोच मिळते काय, आणि तो नाकारला गेला तर का नाकारला हे कोणी लिहून देतो काय?

कापडाच्या व्यापारात ‘जाकड’ नावाची जुनी रीत आहे. गिऱ्हाईक माल पसंतीसाठी घेऊन जाते. पसंत पडला तर पैसे, नाही पडला तर माल परत. घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मात्र मालही परत द्यावयाचा नाही आणि पैसेही द्यावयाचे नाहीत, असे जाकडात चालत नाही. जाकड वहीत नोंद झालेली असते आणि ती कधीतरी मिटवावीच लागते. नागरिक समितीचा सल्ला हा असाच जाकडावर दिलेला माल होय. तो स्वीकारण्याचे बंधन लोकनियुक्त सभागृहावर नसावे हे योग्यच आहे, कारण मते त्यांना मिळालेली असतात, समितीला नव्हे. परंतु सल्ला ठेवून घ्यावयाचा आणि उत्तरही द्यावयाचे नाही, हा जो रिवाज रूढ झाला आहे, त्यामुळे समित्या निर्जीव होतात.

हे समजण्यासाठी प्रथम महापालिकेची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईसाठी १८८८ चा आणि राज्यातील अन्य महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे. या दोहोंमध्ये सत्ता एका हाती ठेवलेली नाही. धोरण आणि ठराव सर्वसाधारण सभेकडे, पैशाची मंजुरी मोठ्या प्रमाणावर स्थायी समितीकडे, आणि अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे. महापौरांना मान मोठा, अधिकार बेताचा. रस्ता कोणता करावयाचा हे सभा ठरवील. तो केव्हा सुरू होईल आणि खडी कोणत्या प्रतीची पडेल हे आयुक्तांच्या हाताखालील अभियंता पाहील. म्हणजे सल्ला ऐकणारे कान एक नसून दोन आहेत. नागरिक समित्यांची पुष्कळशी शक्ती चुकीच्या कानाशी बोलण्यात खर्च होते. गटार तुंबल्याची तक्रार महापौरांना आणि विकास आराखड्यावरील सूचना कनिष्ठ अभियंत्याला, असा उलटा व्यवहार शहरोशहरी पाहावयास मिळतो. दोघेही नम्रपणे अर्ज ठेवून घेतात, एवढेच.

ही द्विदल रचना आली कोठून, याचा इतिहास करदात्यांशी जोडलेला आहे. १८६५ साली मुंबईचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे आला. माणूस धडाडीचा. शहराची स्वच्छता, रस्ते, बाजार यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. क्रॉफर्ड मार्केट ही त्याच काळातील वास्तू. परंतु हिशेबाला धरबंध राहिला नाही, कर्ज वाढले, आणि १८७१ च्या सुमारास करदात्यांनी मोठी चळवळ केली. त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांच्या महापालिकेत निम्मे म्हणजे ३२ सभासद करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका आजही विचार करण्याजोगी आहे. करदात्यांचा रोष क्रॉफर्ड यांच्यावर असताना मेहतांचे म्हणणे असे की, कार्यक्षम अधिकाऱ्याचे हात बांधून टाकणे हा उपाय नव्हे. त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेची देखरेख हवी. करणारा एक आणि जाब विचारणारा दुसरा, ही मांडणी तेथून चालत आली आहे.

त्याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८३ या वर्षांत महात्मा जोतीराव फुले सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते. सरकारनियुक्त सदस्य होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ज्याच्या पाठीशी मतांचा गठ्ठा नाही असा सभासद. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा फुल्यांनी त्याला विरोध केला आणि हे पैसे शिक्षणाकडे वळवावेत असे सुचविले. प्रस्ताव अडला नाही. पुढे नव्या मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांनी विरोध केला. मंडईही झाली. गमतीचा भाग असा की, त्याच मंडईला पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि मुंबईत क्रॉफर्ड साहेबांच्या मार्केटलाही फुल्यांचेच नाव देण्यात आले. नाव देणे सोपे असते. तथापि मुद्दा हा की, हरलेल्या त्या विरोधाची नोंद झाली, म्हणूनच एवढ्या वर्षांनंतर तो सांगता येतो. इतिवृत्तात न लिहिलेला विरोध सभेबरोबरच संपतो.

आता स्वतंत्र भारताच्या कायद्याकडे वळू. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे तिने सांगितले. महाराष्ट्राने त्यानुसार कायद्यात कलम घातले. प्रभाग समितीत त्या भागाचे सर्व नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी, आणि सामाजिक कार्य करणाऱ्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य. हे तिघे त्याच भागाचे मतदार असले पाहिजेत. समितीची कामेही कायद्याने नेमून दिली : पाणी, मलनिस्सारण, साफसफाई यांविषयीच्या तक्रारींचे त्वरित निवारण, प्रभागाच्या अंदाजपत्रकीय खर्चाविषयी शिफारशी, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामांना मंजुरी. ही मर्यादा पाच लाख रुपयांची होती. पाच लाखांत गल्लीतील फरशी बदलते, दिवे लागतात, एखादे स्वच्छतागृह दुरुस्त होते. नागरिकाचा दिवस सुखाचा की दुःखाचा जातो तो याच गोष्टींवर; उड्डाणपुलावर नव्हे.

कागदावर व्यवस्था उत्तम आहे. व्यवहारात त्या तीन जागांचे काय होते? नामनिर्देशन नगरसेवकांनी करावयाचे असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी ज्या पक्षाचे बळ अधिक त्याच्या कार्यकर्त्याची सोय लावण्यासाठी त्या वापरल्या जातात. उमेदवारी न मिळालेल्याला समिती मिळते. संस्था कागदावर असते, कार्यही कागदावर असते. येथे दोष केवळ राजकारण्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ज्या संस्था खरोखर काम करतात, ज्यांच्याकडे दवाखाने, वसतिगृहे, पांजरपोळ, पाणपोया चालविण्याचा दीर्घ अनुभव आहे, त्यांनी या जागांसाठी अर्ज केल्याचे किती ठिकाणी आढळेल? ‘आपले काम भले आणि आपण भले’ हा सज्जनांचा बाणा शहराला महाग पडलेला आहे.

२००९ मध्ये राज्याने याच्याही एक पायरी खाली उतरणारा कायदा केला. त्यात क्षेत्रसभेची कल्पना आहे. काही लगतच्या मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातील प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य, आणि नगरसेवक अध्यक्ष. खेड्यात ग्रामसभा असते, तर शहरात का नसावी, हा त्यामागील विचार. सभा न घेणाऱ्या नगरसेवकावर कारवाईची तरतूदही त्यात होती. परंतु क्षेत्रे आखून देण्याचे पहिलेच काम बहुतेक ठिकाणी रखडले, आणि क्षेत्रच नाही तर सभा कोठली? कायदा मोडण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे. त्याला विरोध करावयाचा नाही, त्याचे नियम तेवढे करावयाचे नाहीत.

या सर्व निराशेत एक तरतूद मात्र अशी आहे की जिचा अभ्यास प्रत्येक संस्थेने करावा. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसंबंधी नियम आला. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, आणि त्यांच्यात काही फेरबदल करावयाचा, त्या पाडावयाच्या, तर वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेणे आवश्यक झाले. या समितीत वास्तुविशारद, अभियंते, इतिहासाचे जाणकार. समिती सल्लागार, अंतिम अधिकार आयुक्तांचा. येथपर्यंत अन्य समित्यांसारखेच. पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. अपवादात्मक परिस्थितीत आयुक्त समितीची शिफारस डावलू शकतात, मात्र त्याची कारणे त्यांनी लेखी नोंदविली पाहिजेत; आणि डावलण्याचा हा अधिकार ते हाताखालच्या कोणत्याही अधिकाऱ्याला सोपवू शकत नाहीत.

या दोन अटींचे मोल व्यवहारी माणसाच्या चटकन लक्षात येईल. समितीला नकाराधिकार दिलेला नाही. आयुक्तांचे हात बांधलेले नाहीत. पण ‘नाही’ म्हणावयाचे तर स्वतः म्हणा, स्वतःच्या सहीने म्हणा, आणि का ते लिहा. कारण लिहावयाचे म्हटले की माणूस दोनदा विचार करतो. लिहिलेले कारण उद्या न्यायालयात वाचले जाऊ शकते, वृत्तपत्रात छापले जाऊ शकते, त्यांच्या नंतर येणाऱ्या आयुक्तांच्या टेबलावर उघडे पडू शकते. एक वाक्य घातल्याने सल्लागार समितीला वजन येते ते असे. दर वेळी तिचा विजय झाला असे मुळीच नाही. मुंबईतील किती जुन्या इमारती या काळात गेल्या हे सर्वश्रुत आहे. पण जे व्हावयाचे ते अंधारात होणे कठीण झाले. प्रभाग समितीच्या शिफारशींना हीच अट लावली असती, शिफारस नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहावे असे बंधन घातले असते, तर गेल्या तीन दशकांत त्या समित्यांची कळा निराळी दिसली असती.

समितीवर बसणाऱ्यांची जबाबदारी किती मोठी असते याचे उदाहरण मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाचे आहे. १९७५ च्या कायद्याने आलेले हे प्राधिकरण निव्वळ सल्लागार नाही. झाड तोडण्यास परवानगी द्यावयाची की नाही हे ते ठरविते. आयुक्त त्याचे अध्यक्ष, सोबत नगरसेवक, आणि बाहेरून घेतलेले जाणकार. प्रत्यक्षात जाणकारांच्या जागा दीर्घकाळ भरल्याच गेल्या नाहीत, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. तज्ज्ञ नसलेल्या प्राधिकरणाने निर्णय घेऊ नयेत असे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले, आणि मग तज्ज्ञ नेमले गेले. नागरिकांचा हा मोठाच विजय होता.

पुढे २९ ऑगस्ट २०१९ रोजी आरे येथील मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांसंबंधीचा प्रस्ताव याच प्राधिकरणापुढे आला. काही तोडावयाची, काही अन्यत्र लावावयाची. हजारो नागरिकांनी लेखी हरकती घेतल्या होत्या. मतदान झाले आणि प्रस्ताव आठ विरुद्ध सहा मतांनी संमत झाला. मतांतील अंतर एवढे थोडे की तज्ज्ञ सदस्यांची मते निर्णायक ठरली. त्यानंतर तज्ज्ञांपैकी काहींनी सांगितले की, मतदान नेमके कशावर चालले आहे हे स्पष्ट नव्हते, पुरेसा वेळ मिळाला नाही. राजीनामेही दिले गेले. पण इतिवृत्तात मत नोंदले गेले होते. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तोपर्यंत २,१४१ झाडे पडलेली होती. कारशेड तेथे असावी की नसावी हा निराळा वाद आहे. शहराला मेट्रोही हवी आणि झाडेही हवीत, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. येथे सांगावयाचे ते इतकेच की, ज्यांना नागरिकांच्या वतीने त्या खुर्चीवर बसविण्यासाठी न्यायालयापर्यंत लढा द्यावा लागला, त्यांनी प्रस्ताव कळला नसेल तर ‘कळला नाही, बैठक तहकूब करा’ एवढे म्हणणे आवश्यक होते. तेही म्हणता येत नसेल तर विरुद्ध मत द्यावे आणि ते लिहून घ्यावे. हुंडीवर सही केल्यानंतर मजकूर वाचला नव्हता ही सबब बाजारात कोणी ऐकत नाही.

पुण्याचा प्रयोग याहून सौम्य आणि काही अंशी आशादायक आहे. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या सुमारास अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेण्यास प्रारंभ केला. नागरिकाने ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून काम सुचवावयाचे. पदपथ, दिवे, बाके, कचऱ्याची व्यवस्था, बसथांबा, अशी कामे. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा. अभियंते ते काम होण्याजोगे आहे काय हे तपासतात, खर्चाचा अंदाज काढतात, प्रभाग समिती निवड करते, आणि मान्य झालेल्या कामांची स्वतंत्र यादी अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापली जाते. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने रक्कम लहान आहे. नगरसेवकांनी आपलीच कामे नागरिकांच्या नावे घुसविल्याच्या तक्रारी झाल्या. अर्ज का नाकारला हे कळत नाही, ही तक्रार तर कायमचीच. तरीही या पद्धतीचा मोठा गुण असा की तिला तारीख आहे.

तारखेचे महत्त्व व्यापाऱ्याला सांगावयास नको. दिवाळीचा माल देवदिवाळीला पोहोचला तर तो कितीही उत्तम असो, गोदामातच राहतो. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास स्थायी समितीपुढे येते. त्याची जमवाजमव खात्यांमध्ये काही महिने आधी सुरू झालेली असते. ज्या समितीला पावसाळ्यात गल्लीत पाणी साचल्याचे दुःख झाले आणि जिने मार्चमध्ये निवेदन दिले, तिचे निवेदन पूर्ण एक वर्ष वाया गेले. तेच निवेदन सप्टेंबरात, गटाराची लांबी किती, चेंबर कोठे बुजले आहे, पाणी किती तास साचते, किती दुकाने आणि घरे बाधित होतात, एवढ्या माहितीसह गेले असते तर खात्याच्या प्राकलनात बसण्याची शक्यता होती. भाषणबाजीच्या चार पानांपेक्षा मापे दिलेला एक कागद अभियंत्याला अधिक उपयोगाचा वाटतो. तोही माणूस आहे. त्याचे काम सोपे करणाऱ्याचे काम तो आधी करतो.

काही समित्या कायद्याने जन्मल्या नाहीत, गरजेतून जन्मल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण करण्याचे मनावर घेतले, मुंबई महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी साथ दिली, आणि त्यातून ‘एएलएम’ या नावाने ओळखली जाणारी वस्तीपातळीवरील व्यवस्थापन मंडळे शहरभर निघाली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ही आज शाळकरी मुलालाही पाठ असलेली गोष्ट तेव्हा नवी होती. गल्लीतील लोकांनी स्वतः हात घातल्यामुळे महापालिकेचे अधिकारी त्यांच्याशी बरोबरीने बोलू लागले, हा या प्रयोगाचा खरा लाभ. त्याची दुर्बलता अशी की सारे काही अधिकाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहिले. उत्साही साहाय्यक आयुक्त असेपर्यंत दरमहा बैठक. त्यांची बदली झाली की मंडळ नावापुरते. नगरसेवकांनाही ही मंडळे आपल्या अधिकारावरचे आक्रमण वाटत असत. ‘आम्हाला लोकांनी निवडले, यांना कोणी निवडले?’ हा त्यांचा प्रश्न सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. जुहूच्या नागरिकांनी त्याला २००७ मध्ये उत्तर दिले. त्यांनी सर्वसंमतीने ॲडॉल्फ डिसोझा यांना उभे केले आणि कोणत्याही मोठ्या पक्षाविना निवडून आणले. सल्ला देणाऱ्यांनी मतपेटीतून जाऊन दाखविल्याचे असे उदाहरण विरळा.

नगरसेवकांच्या त्या प्रश्नाकडे थोडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. नागरिक समित्यांवर बसतो कोण? ज्याच्याकडे सकाळी अकरा वाजता मोकळा वेळ आहे तो. म्हणजे बहुधा निवृत्त, सुखवस्तू, आणि पुरुष. झोपडपट्टीतील बाई त्या वेळी कामावर असते, आणि पाणी न येण्याची खरी माहिती तिलाच असते. व्यापारी मंडळींच्या समित्याही या दोषापासून मुक्त नाहीत. बाजारपेठेतील बैठकीत वाहनतळ आणि फेरीवाले हे दोन विषय सोडून तिसरा निघणे कठीण. फेरीवाला दुकानापुढे नको असतो. पण दुकानातील नोकर दुपारचा वडापाव त्याच्याकडूनच खातो, हे बैठकीत कोणाला आठवत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या बाबतीत शहाणपणाचा मार्ग दाखविला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले, त्यात एक तृतीयांश महिला, आणि त्याच टेबलाभोवती पोलीस, व्यापारी संघटना, रहिवाशांच्या संघटना, बँकांचे प्रतिनिधी, अध्यक्षस्थानी आयुक्त. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो खोलीत हजर असला की बोलणाऱ्याची भाषा आपोआप सौम्य होते. या समित्यांच्या निवडणुका शहरोशहरी रेंगाळल्या, हे दुर्दैव.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे आणि अन्य अनेक महानगरपालिकांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सभागृह नाही म्हणजे प्रभाग समितीत नगरसेवक नाहीत. नगरसेवक नाहीत म्हणजे त्यांनी नामनिर्देशित करावयाचे तिघेही नाहीत. धोरण ठरविणारा, खर्च मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच. फिरोजशहांच्या काळापासून जपलेली ‘करणारा एक, जाब विचारणारा दुसरा’ ही वाटणी जवळपास चार वर्षे बंद होती. रस्ते झाले, कामे थांबली नाहीत. काहींना हा कारभार बराही वाटला. परंतु ती कामे कोणी मागितली आणि कोणती नाकारली याची चर्चा कोणत्याही सभेत झाली नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान होऊन तो काळ संपला.

नव्या सभागृहांबरोबर प्रभाग समित्यांचा आणि त्या तीन जागांचा प्रश्न प्रत्येक शहरात पुन्हा उभा राहतो. इच्छुक संस्थेने आपली नोंदणी, त्या भागातील कामाचा तपशील, लेखापरीक्षित हिशेब आणि ज्या व्यक्तीचे नाव सुचवावयाचे तिची मतदारयादीतील नोंद, एवढे कागद घेऊन प्रभाग कार्यालयात आणि तेथील सर्व पक्षांच्या नगरसेवकांकडे लेखी मागणी करावी, व आवक क्रमांक घ्यावा. नाव न मिळाले तरी ती मागणी दप्तरी राहते, आणि दुसऱ्या कोणाला जागा दिली तर त्याच्या संस्थेने काय काम केले हे विचारण्याचा रस्ता मोकळा होतो.

विचारण्याचे साधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिलेले आहे. अर्ज करून माहिती मागण्याचे कलम सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्याचे चौथे कलम फारसे कोणी वाचत नाही. सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळांची व समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत किंवा नाहीत, आणि त्यांची इतिवृत्ते पाहावयास मिळतात किंवा नाही, हे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने कोणी न मागता आपण होऊन जाहीर करावयाचे आहे. धोरण ठरविताना लोकांशी विचारविनिमय करण्याची काय व्यवस्था आहे हेही सांगावयाचे आहे. आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्यांना कळवावीत, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे वारसा समितीला मिळालेले ते मौल्यवान वाक्य, थोड्या निराळ्या शब्दांत, प्रत्येक नागरिकाच्या हाती आधीपासूनच आहे.

राज्य शासनाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांना सूचना दिल्या की, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. प्रभाग समितीच्या गेल्या बैठकीचे इतिवृत्त पाहावयाचे असल्यास सोबत एक वही न्यावी. कोणत्या शिफारशीपुढे काय शेरा आहे आणि कोणत्या शिफारशीपुढची जागा कोरी आहे हे उतरवून घ्यावे, आणि कोऱ्या जागांची यादी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याविषयी प्रभाग अधिकाऱ्यांना त्याच दिवशी पत्र द्यावे.